तीन आधी की पाच?

घरत मॅडम तोंडी परीक्षा चालत चालत घेतात. व्हरांड्याच्या एका टोकाला प्रश्न विचारायचा, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत उत्तर यायला हवं. त्यांच्या मागून विद्यार्थी, विद्यार्थ्याच्या मागून त्याची जर्नल, आणि त्या दोघांच्या मागून पुढचा नंबर असलेला विद्यार्थी, कारण पहिल्याला काय विचारलं ते त्याला ऐकायचं असतं. गेल्या वर्षी ठाण्याहून आलेले परीक्षक बिचारे गुणपत्रिका घेऊन आत टेबलापाशी बसून राहिले. दर दहा मिनिटांनी मॅडम दारातून डोकावायच्या, "सोळा द्या!" म्हणायच्या आणि निघून जायच्या. परीक्षकांनी मला विचारलं, "या कधी बसतात का हो?" मी म्हटलं, "मला इथे बारा वर्षं झाली साहेब. अजून योग आलेला नाही."

मी सावंत. पनवेलच्या आमच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी विभागाचा प्रयोगशाळा सहायक. त्याआधी मी भूगोल विभागात नकाशे गुंडाळायचो. नकाशा ही फार शांत वस्तू आहे. तिथून मला घरत मॅडमच्या हाताखाली पाठवलं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या चपलांचे अंगठे तुटले.

मॅडमचं पूर्ण नाव रंजना घरत. जासईच्या. वडिलांचं मिठागर होतं, आता तिथे कंटेनर उभे असतात. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, उंची बेताची, आवाज मात्र दोन मजले जाणारा. वर्गात, मीटिंगमध्ये त्यांची मराठी अगदी इस्त्री केलेली. पण राग आला, काळजी वाटली किंवा मन हललं की इस्त्री मोडते. 'आहे'चं 'हाय' झालं की विभागात सगळे आपापल्या जागी जाऊन कामाला लागतात.

त्यांचा एकच प्रश्न सगळ्या जगाला असतो. "अडलंय कुठे?" बँकेतली रांग हलेना, की मॅडम थेट काउंटरपाशी. "अडलंय कुठे?" माझ्या पुतणीच्या लग्नात मुहूर्त टळायला आला आणि काही हालेना, तेव्हा अक्षता हातात धरून बसलेल्या दोनशे माणसांत एकट्या मॅडम उठल्या, आत गेल्या, आणि तीन मिनिटांत भटजींना घेऊन बाहेर आल्या. भटजी जिन्याखाली फोन चार्ज करत होते. एकदा पळस्पे फाट्याला आमची रिक्षा पाऊण तास जागची हलली नाही. मॅडम उतरून चालत पुढे गेल्या. परत आल्या त्या पूर्ण अहवाल घेऊन. "ट्रेलर वळताना दुभाजकावर चढलाय. मागच्या टेम्पोनं दोन फूट मागे घेतलं की तो उतरेल. टेम्पोवाला घेत नव्हता. आता घेतोय." रिक्षावाल्यानं मला हळूच विचारलं, "म्याडम आरटीओत हायत का?"

करंजाड्याला आमच्या सोसायटीत पाणी चढत नव्हतं तेव्हाही त्या अशाच गच्चीवर गेल्या होत्या. खरं तर आल्या होत्या डबा परत द्यायला. टाकीतला बॉल अडकलाय हे सोसायटीच्या कमिटीला कळायला चार दिवस लागले असते. तेव्हापासून माझी बायको माझ्याकडे 'तुम्ही काय उपयोगाचे' अशा नजरेने बघते.

पण हा सगळा वरवरचा व्यवहार. मॅडमचं खरं अडलेलं काम आमच्या फ्रिजमध्ये होतं.

त्याचं असं. मिठागरात पाणी आटत आलं की कधी कधी ते लालसर होतं. तो रंग एका जंतूचा. देवस्थळी सरांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या जुन्या प्रमुखांनी, तरुणपणी जासईच्या मिठागरातून तो आणला. त्यावर अतिनील दिवा धरून त्याचे सहा बिघडलेले भाऊ तयार केले. म्युटंट. सहाही पांढरे, एकालाही लाल रंग करता येत नाही. त्यांची नावं साधी: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. हा लाल रंग कुठल्या पायऱ्यांनी तयार होतो आणि कुठली पायरी आधी, कुठली नंतर, हे त्या सहांकडून काढून घ्यायचं. हा मॅडमच्या पीएचडीचा विषय. माझ्या नोकरीपेक्षा तो प्रबंध जुना होता.

मी नकाशेवाला माणूस. मॅडमनी मला ते चालता चालता समजावलं.

"सावंत, तळोज्याच्या कारखान्यात माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो ना? तसा हा रंग. एका वस्तूची दुसरी, दुसरीची तिसरी, शेवटी लाल. प्रत्येक पायरीवर एक कामगार. म्युटंट म्हणजे ज्याचा एकच कामगार रजेवर आहे. मग काय होईल?"

"काम थांबेल."

"थांबेलच. पण त्या पायरीपर्यंतचा माल साचेल. साचला की बाहेर झिरपेल. आता प्लेटवर शेजारी दुसरा म्युटंट लावा. त्याचा कामगार आणखी आधीच्या पायरीवर रजेवर असेल, तर त्याला हा झिरपलेला माल आयता मिळतो. पुढचे कामगार त्याच्याकडे आहेतच. तो काय होणार?"

"लाल?"

"लाल! म्हणजे दोघांत जो लाल होतो तो आधी अडलेला. जो शेजाऱ्याला देतो तो नंतर अडलेला. सहा जण आहेत, प्रत्येकाला प्रत्येकाशेजारी लावा, झाला क्रम तयार." एवढं बोलून होईपर्यंत आम्ही व्हरांड्याच्या चार फेऱ्या मारल्या होत्या.

मला वाटलं, इतकं सोपं आहे तर मॅडमचं इतकी वर्षं काय चाललंय?

त्या प्लेटा लावतच राहायच्या. विशेषतः तीन आणि पाच. बाकी सगळ्यांचा क्रम लागला होता, तीन आणि पाच मात्र दर आठवड्याला पुन्हा. मी अगार, म्हणजे जंतूंच्या खाण्याची जेली, प्लेटमध्ये ओतायचा, त्यांनी लूपने, म्हणजे टोकाला कडी असलेल्या तारेने, दोन रेघा ओढायच्या, सुरुवातीला चार दिवस, पुढे आठ दिवस इनक्युबेटरच्या उबेत. रोज सकाळी पर्ससकट येऊन त्या आधी इनक्युबेटर उघडायच्या, प्लेट खिडकीकडे धरायच्या, "हं" म्हणायच्या, आणि बंद. स्टाफरूममध्ये लोक चेष्टा करायचे. एका सरांनी तर त्यांच्यासमोर म्हटलं, "मॅडम, जंतू निवृत्त होतील आता." मॅडम तेवढ्यापुरत्या नुसत्या भरभर चालायला लागल्या.

प्लेटच्या लेबलाबाबत मात्र त्या कसाई. लेबल पुसट असलं की प्लेट कचऱ्यात. एका मुलीचा आकडा तीनसारखाही दिसत होता आणि आठसारखाही. मॅडमनी तिचं पूर्ण प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावलं. ती रडायला लागली तेव्हा म्हणाल्या, "रड. पण लेबल नीट लिही. पेशंटच्या नमुन्यावर असं लिहिलंस तर दुसरं कुणीतरी रडेल." तेव्हापासून आमच्याकडे आकडे अक्षरांत लिहितात. तीन. पाच.

आणि म्हणूनच गेल्या डिसेंबरात मी हादरलो.

विद्यापीठाचं पत्र आलं होतं. महिनाअखेर प्रबंध सादर करा, नाहीतर नोंदणी रद्द. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं की या वेळी मुदतवाढ नाही. त्या आठवड्यात मॅडमच्या चालण्याला काही दिशाच राहिली नाही. त्या जिना चढून वर जायच्या आणि तशाच खाली यायच्या. प्रबंध टाइप होऊन तयार होता, बांधूनही आला, पाच प्रती. तरी जायला तयार नाही.

बुधवारी मी फ्रिज पुसत होतो. मागच्या कप्प्यात एक प्लेट दिसली, मॅडमच्या अक्षरात 'तीन' आणि 'पाच'. मला सूक्ष्मजीवशास्त्र येत नाही, पण बारा वर्षं या सहा जणांना सांभाळल्यावर चेहरे ओळखता येतात. पाच नंबर कोरडा, सुरकुतलेला, उघड्यावर राहिलेल्या पापडासारखा. तीन नंबर चिकट, भेंडीसारखा. त्या प्लेटवर पापडापुढे लिहिलं होतं 'तीन' आणि भेंडीपुढे 'पाच'.

आणि पापड लालभडक झाला होता.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, लेबल उलटं झालंय."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या.

'हाय' ऐकल्यावर मी फ्रिज बंद केला. पण घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. बाई प्रबंधात खोटं लिहिते आहे? जिने एका पुसट आकड्यासाठी पोरीला रडवलं, तीच? आणि मला हे माहीत असताना मी गप्प बसायचं? सकाळी विभागप्रमुखांना सांगायचं असं मी ठरवलं. सकाळी ते रजेवर होते. आणि अकरा वाजता मॅडम म्हणाल्या, "सावंत, प्रबंधाच्या प्रती धरायला चला जरा माझ्याबरोबर. देवस्थळी सरांची सही घ्यायची आहे, गाईड म्हणून. आणि ती प्लेटही घ्या."

रिक्षात मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. त्यांनाच राहवलं नाही.

"तुम्हाला वाटतंय मी चोरी केली."

मी मांडीवरच्या प्रती सारख्या करत राहिलो.

"प्रबंधात खरं तेच लिहिलंय. पाच लाल होतो. म्हणजे पाच आधी अडतो, तीन नंतर. सहा वर्षं झाली मला कळून. दिवाळीच्या सुट्टीत एक प्लेट इनक्युबेटरमध्ये विसरले होते. आले तर पाच लाल. मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा लावली. पुन्हा लाल. किती वेळा लावली ते तुम्हीच अगार ओतलंय."

"मग अडलंय कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

स्वतःचंच वाक्य ऐकूनही त्या हसल्या नाहीत. "सरांनी उलटं छापलंय. तीन आधी, पाच नंतर. तरुणपणी. त्यावर त्यांचं नाव झालं, त्यावर त्यांनी जन्मभर शिकवलं. आता त्र्याऐंशी वर्षांचे हायत. डोळ्यांनी नीट दिसत नाय. बायको गेली, मुलगा कॅनडात. दर गुरुवारी मी जाते, तर दारातच विचारतात, 'काय म्हणतात तीन-पाच?' काय सांगू मी त्यांना? म्हणून एक प्लेट त्यांच्यासाठी वेगळी करते. लेबलं बदलून. त्यांना लाल ठिपका दिसतो, 'तीन' एवढं मोठं लिहिलेलं मी वाचून दाखवते. खूश होतात."

मी विचारलं, "आणि आज सही?"

"प्रबंध वाचणार नाहीत. दिसतच नाय. मी वाचून दाखवेन... थोडं बदलून." रिक्षा सिग्नलला थांबली होती. मॅडम अर्ध्या बाहेर वाकून पुढचा सिग्नल बघत होत्या. "सावंत, मी सातवीत होते. सर मिठागरात बाटली घेऊन उभे. मी विचारलं, हे पानी लाल का हाय? ते म्हणाले, मला माहीत नाही, आपण शोधू. मोठ्या माणसानं मला 'माहीत नाही' असं पहिल्यांदा सांगितलं. बीएस्सीनंतर बाबा म्हणाले, आता बास झालं. तर हा माणूस आमच्या ओटीवर सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिला. जेवला नाय, पानी प्यायला नाय. शेवटी आईच म्हणाली, जाऊ दे तिला, नायतर हा इथंच मरेल."

सरांचं घर वडाळे तळ्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं, भिंतीला हात लावत. सडपातळ, स्वच्छ पांढरा सदरा, गुंड्या एक घर चुकून लावलेल्या. मॅडमनी आत शिरता शिरताच त्या सोडून नीट लावल्या, आणि सरांनीही शाळेच्या पोरासारखी मान वर करून लावू दिल्या.

"काय म्हणतात तीन-पाच?"

"तीन लाल झालाय, सर," मॅडमनी सांगितलं आणि प्लेट त्यांच्या हातात दिली.

"हे कोण?"

"सावंत. आमचे लॅब असिस्टंट."

"बसा सावंत. रंजनाला सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही तरी बसा." मी बसलो. सरांनी प्लेट मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "सही करतो. पण गाईडनं वाचल्याशिवाय सही करायची नसते. चौथं प्रकरण वाच. क्रमाचं."

मॅडमनी प्रबंध उघडला. खोलीत फेऱ्या मारत वाचायला सुरुवात केली. पहिलं पान बरोबर. दुसरं पान बरोबर. मग त्या माझ्या खुर्चीच्या मागे आल्या आणि तिथेच वाचू लागल्या, त्यामुळे मान वळवली की पान मला दिसत होतं. पानावर लिहिलं होतं, 'पाच हा तीनच्या आधी अडतो.' मॅडमनी वाचलं, "तीन हा पाचच्या आधी अडतो." पानावर लिहिलं होतं, 'हे पूर्वीच्या निष्कर्षाहून वेगळे आहे.' मॅडमनी वाचलं, "हे पूर्वीच्या निष्कर्षाशी सुसंगत आहे." वाक्यामागून वाक्य त्या उलटं करत होत्या, न अडखळता, इंग्रजी पानाचंही आणि मराठी सारांशाचंही. इतकं अवघड काम मी कुणालाही करताना पाहिलेलं नाही.

सर डोळे मिटून ऐकत होते. मॅडम थांबल्यावर म्हणाले, "छान. आता लिहिलंय ते वाच."

मॅडमनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.

"सर, लिहिलंय तेच—"

"रंजना." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काडेपेटीतली एक काडी काढली, मांडीवरच्या प्लेटचं झाकण उचललं आणि काडीनं त्या लाल रेघेला टोचलं. खर्रकन आवाज आला. "पाच नंबर कोरडा असतो. त्याला मी जन्माला घातलाय. नाव बदललं म्हणून अंग बदलतं का? चार वर्षं झाली मला कळून. तू आत चहा करायला जातेस तेव्हा मी टोचून बघतो."

मॅडमच्या हातातून प्रबंध माझ्या डोक्यावर पडला. कुणाचंच लक्ष गेलं नाही.

"पेपर छापताना मी चौथ्या दिवशीच प्लेटा बघून फेकून दिल्या होत्या," सर म्हणाले. "तीनच्या कडेला जरा गुलाबी दिसलं, ते लाल समजलो. तो त्याचा स्वतःचाच थोडासा रंग. पाच सावकाश वाढतो, त्याला आठ दिवस लागतात. मला घाई होती. परिषद होती."

"सर, मला तुम्हाला दुखवायचं नवतं."

"दुखलं ना. तीन दिवस जेवलो नाही. मग पुढच्या गुरुवारी तू परत नवी प्लेट घेऊन आलीस. परत लेबलं उलटी, एवढाली अक्षरं." ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. "माझ्याशी खोटं बोलायला इतके कष्ट कुणी घेतले नव्हते ग. माझा मुलगा 'बिझी आहे' एवढंच म्हणतो."

"मग तुमी बोलला का नाय?"

सरांनी प्लेटचं झाकण परत लावलं. मग अगदी हळू म्हणाले, "प्रबंध झाला की तू कशाला येशील?"

मॅडम तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळल्या. मी डोकं चोळत प्रबंध उचलला आणि योग्य पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. या वेळी लिहिलंय ते. सर मधेमधे "थांब, हे वाक्य सैल आहे" म्हणत होते आणि मी पेन्सिलने खुणा करत होतो. सही करायला त्यांना सहीची जागा बोटानं दाखवावी लागली. पाचही प्रतींवर त्यांनी सही केली, आणि शेवटच्या प्रतीवर सहीखाली, कुठल्याही नियमात बसत नसताना, स्वतःच्या हातानं वेडंवाकडं लिहिलं: 'माझी चूक हिने दुरुस्त केली.'

मार्चमध्ये मॅडम डॉक्टर झाल्या. कॉलेजात पेढे झाले, प्राचार्यांनी भाषणात जंतूचं नाव चुकीचं घेतलं. जासईच्या नाक्यावर गावानं भला मोठा फ्लेक्स लावला. 'आगरी समाजाची शान, डॉ. रंजनाताई घरत यांचे हार्दिक अभिनंदन.' मॅडमनी मला तो दाखवायला मुद्दाम नेलं. अकरा शुभेच्छुक होते, काळे चष्मे, सोन्याच्या साखळ्या, हात जोडलेले. मधोमध कुणी एक भाऊ, सगळ्यांत मोठे. मॅडमचा फोटो खाली डाव्या कोपऱ्यात, त्यावर विजेच्या खांबाची सावली. बाजूने कंटेनरचे ट्रेलर धुरळा उडवत चालले होते.

तेवढ्यात सरांचा फोन आला. मॅडम फ्लेक्ससमोर येरझारा घालत, एका कानावर हात ठेवून ओरडून सांगू लागल्या.

"हां सर, नाक्यावरच हाय मी! खूप मोठा लावलाय! हां, माझा फोटो हाय... मोठा हाय... आणि तुमचा पण हाय, सर! मधोमध! हां, सगळ्यात मोठा... नाय ओ, खोटं कशाला बोलू? शपथ! पांढऱ्या सदऱ्यात हायत तुमी... हां. गुरुवारी येते. ठेवते."

फोन पर्समध्ये टाकून त्या फ्लेक्सकडे बघत राहिल्या. मधल्या भाऊंचा चेहरा, त्याची रुंदी, खांबाची उंची, सगळं त्यांनी डोळ्यांनी मोजलं. मग त्या रस्त्यापलीकडच्या प्रिंटिंगच्या दुकानाकडे निघाल्याही, आणि मधल्या दुभाजकावरून मागे वळून म्हणाल्या,

"सावंत, तुमच्या मोबाइलमध्ये सरांचा एखादा बरा फोटो आहे का हो?"